गोळी देता, झोप कोण देणार?

आजाऱ्याला भेटायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. जेवण जातं का? डॉक्टर काय म्हणाले? गोळ्या वेळेवर घेता ना? हे सगळं आपण आपुलकीनंच विचारतो. पण ‘रात्री झोप कशी लागते हो?’ हा प्रश्न क्वचितच कुणाच्या तोंडून येतो. विचारलाच, तर ‘दुखतंय म्हटल्यावर झोप कुठली!’ असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की विषय खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवा. विशेषतः ज्यांचं दुखणं वर्षानुवर्षं चाललंय आणि ज्यांना जोरकस वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली एक साधी गृहिणी. रुग्णाचं अंग पुसायला मदत करायची, घरच्या बाईला तास-दीड तास मोकळीक द्यायची, औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावायच्या, एवढंच आमच्या मंडळाचं काम. पण घरात जाऊन बसलं की जे दिसतं, ते दवाखान्यातल्या पाच मिनिटांत दिसत नाही.

एकाच आळीतल्या दोघींचं सांगते. दोघींचं मणक्याचं दुखणं जुनं. दोघींना ट्रॅमाडॉलची सारख्याच ताकदीची गोळी. पहिली म्हणायची, “ताई, गोळी घेतली काय अन् नाही घेतली काय, सारखंच!” दुसरी गोळी घेतली की गुंगायची. मळमळायचं, भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायची. पहिलीच्या घरी शेरा ठरलेला, “हिला मेलं काही सोसतच नाही.” दुसरीच्या घरी, “हिचं काय, दिवसभर झोपा काढते.” म्हणजे एकीचं दुखणं खोटं ठरलं आणि दुसरीचा आराम जास्त ठरला. दोघींना रात्रीची झोप नव्हतीच, हे मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

असं का होतं? एकच गोळी एकीला लागू पडत नाही आणि दुसरीला जास्त होते, याची कारणं अनेक असू शकतात. वय, वजन, किडनी आणि यकृताची अवस्था, सोबतची दुसरी औषधं. पण आणखी एक कारण जन्मापासूनच आपल्या रक्तामांसात असतं. आपल्याकडे म्हण आहेच, व्यक्ती तितक्या प्रकृती. आज विज्ञान जनुकांच्या भाषेत जवळजवळ तेच सांगतंय.

ही औषधं मुळात कुठली, ते आधी बघू. दिवाळीत अनारशाला आपण खसखस लावतो ना, त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा देऊन जो चीक निघतो, ती अफू. (खसखशीच्या दाण्यानं नशा येत नाही, घाबरू नका!) अफूपासून मॉर्फिन आणि कोडीन मिळतं. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेन्टॅनिल ही प्रयोगशाळेत तयार केलेली त्यांची भावंडं. या सगळ्या कुटुंबाला ओपिऑइड म्हणतात. कॅन्सरच्या वेदना, मोठी ऑपरेशनं, काही वेळा मणक्याचं किंवा नसांचं फार तीव्र दुखणं, अशा ठिकाणी डॉक्टर ती देतात.

आता गंमत बघा. मॉर्फिन जसं आहे तसंच मेंदूत जाऊन काम करू शकतं. पण कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांना आधी यकृतात बदलून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे त्यांची खरी ताकद येते. हे बदलण्याचं काम एक एन्झाइम करतं. त्याचं नाव लांबलचक आहे, सीवायपी-टू-डी-सिक्स. आपल्या भाषेत त्याला विरजण म्हणू या. दूध तेच, पण विरजण अगदीच कमी असेल तर दही लागत नाही आणि फार जोरकस असेल तर बघता बघता आंबून जातं. हे विरजण कुणाच्या शरीरात किती, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ५ ते १० टक्के माणसांत ते जवळजवळ काम करतच नाही. आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी आहे, पण अशी माणसं आपल्याकडेही आहेत. त्यांना कोडीन दिलं तर आराम पडत नाही. उलट काहींच्या शरीरात ते इतकं वेगानं काम करतं की नेहमीचा डोसही जास्त होतो, श्वास मंदावतो.

हा धोका नुसता पुस्तकी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली बजावून सांगितलं, की कोडीन आणि ट्रॅमाडॉल १२ वर्षांखालच्या मुलांना वेदनेसाठी देऊ नये आणि अंगावर पाजणाऱ्या आईनंही ती घेऊ नयेत. म्हणून ‘माझ्याकडे दुखण्याची चांगली गोळी आहे, घे यातली अर्धी’ ही आपली शेजारधर्माची सवय या औषधांच्या बाबतीत सोडायलाच हवी. साखर वाटीभर उसनी द्यावी, ट्रॅमाडॉल देऊ नये.

आणखी एक. डिप्रेशनवरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ फ्लुऑक्झेटिन किंवा पॅरॉक्झेटिन, हेच विरजण दाबून टाकतात. म्हणजे जनुकं चांगली असूनही ट्रॅमाडॉल हवं तसं लागू पडत नाही. शिवाय ही औषधं एकत्र आली की फिट येण्यासारखे धोके वाढतात. आपल्या बायका मनाच्या गोळ्या लपवतात. हाडांच्या डॉक्टरांना सांगत नाहीत, नवऱ्यालाही सांगत नाहीत. ही लपवाछपवी महागात पडू शकते. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्यायची, हा साधा उपाय मी प्रत्येक घरात सांगते.

इथं कुणाला वाटेल, मग जनुकांची तपासणीच करून टाकू! तसे अहवाल काढून देणाऱ्या कंपन्याही आता आहेत. लाळेचा नमुना द्यायचा आणि घरबसल्या रंगीत पानं मिळवायची. माझं मत विचाराल तर जरा थांबा. युरोपातल्या ११ देशांतल्या २,२९४ कॅन्सर रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वेदनेशी संबंध असेल अशा २५ जनुकांमधले बदल तपासले, पण रुग्णाला ओपिऑइड किती लागेल हे त्यातल्या एकाही बदलावरून सांगता आलं नाही. २०२१ साली तज्ज्ञांनी डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही कोडीन-ट्रॅमाडॉलसाठी या एका एन्झाइमचा विचार करा असं म्हटलं आहे. वेदनेच्या इतर दोन गाजलेल्या जनुकांवरून डोस ठरवण्याइतका पुरावा नाही, असंही स्पष्ट केलं आहे. झोपेचंही तसंच. निद्रानाशावर १३ लाखांहून जास्त लोकांचा जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये आला. जनुकांच्या नकाशावर २०० च्या वर जागा सापडल्या, पण प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. शिवाय ही माणसं मुख्यतः युरोपीय वंशाची. आपल्या गावाकडच्या, रक्त कमी असलेल्या, पहाटे उठून राबणाऱ्या बाईचा हिशेब या आकड्यांत कुठे आहे?

मग या जनुकांच्या माहितीचा आपल्याला उपयोग काय? माझ्या मते एक मोठा उपयोग आहे. ‘मला ही गोळी लागू पडत नाही’ असं एखादी बाई म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसण्याची पूर्ण शक्यता आहे, हे आता विज्ञान सांगतंय. तिचं म्हणणं ‘नखरे’ म्हणून उडवून न लावता डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, एवढं आपण करू शकतो. जास्तीची गोळी मनानं द्यायची नाही आणि तिला सोसायचं शहाणपणही शिकवायचं नाही.

आता झोपेकडे येते. मॉर्फिन हे नाव ग्रीकांच्या स्वप्नांच्या देवावरून, मॉर्फियसवरून पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्टर्नर नावाच्या जर्मन औषध बनवणाऱ्यानं अफूपासून ते वेगळं काढलं. स्वप्नांच्या देवाचं नाव लावणाऱ्या औषधानं झोप छान लागत असेल, असं कुणालाही वाटेल. पण गुंगी वेगळी आणि झोप वेगळी. निरोगी माणसांना मॉर्फिनचा एकच डोस देऊन पाहिलं, तेव्हासुद्धा त्यांच्या गाढ झोपेचा वाटा कमी झाला. या औषधांनी स्वप्नांची झोपही घटू शकते. डोळे मिटलेले दिसतात, पण शरीराची डागडुजी करणारी झोप कमीच मिळते.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. मूल रडायचं नाही, पडून राहायचं. सगळ्यांना वाटायचं, शांत झोपलंय. तसं करायला त्या माउलींना परिस्थिती भाग पाडत होती, त्यांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. पण पडून राहणं म्हणजे झोप नव्हे, एवढं त्यावरून कळायला हवं. आज आजी दिवसभर खुर्चीत पेंगते आणि आपण म्हणतो, बरं झालं, गोळीनं आराम पडला. तीच आजी रात्री बारा वाजता टक्क जागी असते.

दुसरी गोष्ट श्वासाची. ओपिऑइड दीर्घकाळ घेणाऱ्या काहींचा श्वास झोपेत अधूनमधून थांबतो. घशात अडथळा नसतो, मेंदूकडून श्वास घेण्याचा निरोपच काही क्षण जात नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अशी औषधं बराच काळ घेणाऱ्या रुग्णांपैकी साधारण चौघांमागे एकाला हा त्रास आढळला. हे रुग्णाला स्वतःला कळत नाही. कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. म्हणून घरच्यांनी डोळे उघडे ठेवावेत. श्वास मध्येच थांबून मग एकदम मोठा येतो का? सकाळी डोकं जड असतं का? बोलता बोलता डोळे मिटतात का? असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. ओठ निळसर पडले, श्वास अगदी संथ झाला किंवा हलवूनही जाग येत नसेल, तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा.

आणि इथं एक मोठी चूक घरोघरी होते. दुखण्याची गोळी आहे, तरी झोप येत नाही म्हणून वर झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि ओपिऑइड एकत्र आले की श्वास जास्तच मंदावू शकतो. २०१६ साली अमेरिकेत या जोडीबद्दल सगळ्यात कडक इशारा पाकिटांवर छापायला लावला गेला. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेन्टिन-प्रीगॅबलिनबद्दलही २०१९ मध्ये तसाच सावधगिरीचा इशारा आला. डॉक्टर कधी कधी विचारपूर्वक ही औषधं एकत्र देतात, तेव्हा डोस त्यांनी बघितलेला असतो. पण शेजारणीकडून मागून आणलेली झोपेची गोळी, किंवा पुरुषांच्या बाबतीत रात्रीची दारू, हा जिवाशी खेळ आहे.

मग झोपेसाठी करायचं काय? इथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. २००७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी बायकांवर एक प्रयोग केला. काही जणींना उशिरा झोपू दिलं, म्हणजे झोप थोडी पण सलग. काही जणींना रात्री पुन्हा पुन्हा उठवलं. दोघींची एकूण झोप सारखीच कमी. पण वेदना आतून दाबून धरण्याची शरीराची जी नैसर्गिक शक्ती असते, ती पुन्हा पुन्हा उठवलेल्या बायकांची ढासळली आणि त्यांना कुठे कुठे दुखायलाही लागलं. लक्षात घ्या, या बायका आजारी नव्हत्या. फक्त झोप तुटल्यामुळे हे झालं.

हे वाचलं आणि मला आमच्या गावातल्या रात्री आठवल्या. नळाला पाणी येतं पहाटे चारला, उठायचं कुणी? बाईनं. सासऱ्यांना रात्री दोनदा लघवीला न्यायचं, नातवंड रडलं तर घ्यायचं, मुलाची रात्रपाळी संपली की दार उघडून ताट वाढायचं. त्यात स्वतःची कंबर मोडलेली, गोळ्या चालू. ही बाई कधी अख्खी झोप झोपते? आणि मग तिचं दुखणं वाढलं की आपण म्हणतो, गोळीची ताकद वाढवून आणा. डोस वाढतो, गाढ झोप आणखी घटते, दिवसा गुंगी येते, रात्री जाग राहते आणि दुखणं असतं तिथंच. हे चक्र मी कितीतरी घरांत बघितलं आहे. जनुकं काही कुणाला बदलता येत नाहीत. पण पहाटेच्या नळावर कोण जाणार, हे बदलता येतं ना!

माझ्या मते दुखणं असलेल्या बाईला सलग झोप मिळवून देणं हे घराचं काम आहे. ती काही तिच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. पाण्याची पाळी मुलानं घ्यावी, म्हाताऱ्यांची रात्र नवऱ्यानं सांभाळावी, निदान एक दिवसाआड. आमच्या ओळखीच्या एका घरात हे ठरवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पुरुषानं पहाटे नळावर उभं राहायचं? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “काकू, लोक पहाटे चारला झोपलेले असतात, कुणी बघत नाही!” हसल्या, पण पाळी लागली.

बाकीचं तुम्हाला माहीत आहेच, पण दुखण्याच्या माणसाला ते कुणी सांगत नाही. झोप केव्हाही लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. दुपारची झोप टाळायची, नाहीच जमलं तर अर्ध्या तासाच्या वर नाही. संध्याकाळनंतर चहा नको. अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं. निद्रानाशावर आज डॉक्टर पहिला उपचार म्हणून गोळीच्या आधी अशाच सवयींचा आणि विचारांचा रीतसर क्रम सुचवतात. आणि एक वही ठेवा. गोळी किती वाजता घेतली, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी कसं वाटलं, दिवसा किती पेंग आली. पंधरा दिवसांची ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांना पाच मिनिटांतही बरंच काही कळतं. गोळीची वेळ बदलायची, औषध बदलायचं की श्वासाची तपासणी करायची, हे मग ते ठरवतील.

हे सगळं वाचून कुणी घाबरून घरातल्या गोळ्या फेकून देऊ नका. ही औषधं रोज घेणाऱ्यानं एकाएकी बंद केली की अंग मोडून येतं, घाम, जुलाब, झोप पूर्ण उडणं असा त्रास होतो. अमेरिकेत आधी या गोळ्यांचा सुकाळ झाला, व्यसनानं हजारो घरं उद्ध्वस्त झाली. मग घाबरून काही ठिकाणी एकदम हात आखडला गेला, तेव्हा एकाएकी बंद करू नका असा इशारा २०१९ मध्ये सरकारलाच द्यावा लागला. कमी करायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू.

आपल्याकडे तर दुसराच प्रश्न आहे. नीमच, मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, तरी आपल्याच देशातले कॅन्सरचे कितीतरी रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. १९८५च्या कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे दवाखाने ते ठेवायलाच धजत नव्हते. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन ही वाट सोपी झाली. त्यासाठी केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कॅन्सरच्या असह्य वेदनेत मॉर्फिन मिळालं म्हणून कित्येक रात्रींनंतर डोळा लागलेली माणसं मी बघितली आहेत. तिथं ‘सवय लागेल’ म्हणून औषध नाकारणं हा निर्दयपणा आहे. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही कडक कायद्याखाली आलं, ते बरंच झालं. पण कायद्याचा धाक हा ज्याला गरज आहे त्याच्या वाटेतला धोंडा होऊ नये.

म्हणजे आपल्याला दोन्ही बाजूंनी सांभाळायचं आहे. गरज आहे त्याला औषध मिळालं पाहिजे आणि ते घेणाऱ्याची रात्र कुणीतरी बघितली पाहिजे. पहिलं काम डॉक्टरांचं आणि सरकारचं. दुसरं आपलं. त्याला ना पदवी लागते ना पैसा. आपल्या घरात जिचं सगळ्यात जास्त दुखतं, तिला आज रात्री कुणीही हाक न मारता सलग सहा तास निजता येईल का, एवढं आज जेवायच्या पानावर सगळ्यांना विचारून बघा. नळाला पाणी येणारच आहे. आज उठायचं कुणी, ते झोपायच्या आधीच ठरवा.